अबोल्याचे तेवीसशे मैल

ज्या माणसाशी मी अडीच महिने एक शब्दही बोललो नव्हतो, त्याच्याबरोबर मी पेनसिल्व्हेनियापासून नेवाडापर्यंत गेलो. तेही एका पिकअपच्या एकाच बाकावर बसून.

तो माझा रूममेट. नागपूरचा, भूगर्भशास्त्रात पीएचडी करणारा. मी मिरजेचा, संख्याशास्त्रातला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दोघं पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात एका लहानशा अपार्टमेंटमध्ये राहत होतो. भांडण व्हायच्या आधी आमचं बरं चाललं होतं. तो भात चांगला करायचा आणि मी आमटी बरी करायचो, आणि परदेशातल्या मैत्रीला तेव्हा एवढा पाया पुरायचा.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी पीएचडीच्या क्वालिफाइंग परीक्षेत नापास झालो. ही परीक्षा दोनदा देता येते. दुसऱ्यांदा नापास झालं तर सामान बांधून घरी. ही बातमी मी घरी कळवली नाही. म्हणजे कळवणार होतो, पण पास झाल्यावर, एखादा गमतीचा किस्सा सांगावा तशी. तोवर एरोग्रामच्या निळ्या कागदावर मी इथली थंडी, बर्फ आणि बर्फ वितळणं यांचं सविस्तर वर्णन लिहून पाठवत होतो.

एप्रिलमध्ये वडिलांचं पत्र आलं. ते हायस्कुलात गणित शिकवायचे आणि पत्रंही पायऱ्या पायऱ्यांनी लिहायचे. "तू परीक्षेत नापास झाल्याचे समजले. दुसरी संधी असते असेही समजले. ती ऑक्टोबरात आहे. म्हणजे सहा महिने आहेत. अभ्यास कर."

मी नापास झालो हे माहीत असलेला आणि मराठीत पत्र लिहू शकणारा माणूस त्या गावात एकच होता. तो ओट्यापाशी तांदूळ धूत होता.

"तू माझ्या बाबांना पत्र लिहिलंस?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि तांदूळ धूत राहिला.

का लिहिलंस, हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. चहाडखोर माणसाला कारण लागत नाही, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं आणि बोलणं बंद केलं.

एका घरात अबोला पाळायला फार कष्ट पडतात. आम्ही फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या लावायचो, आणि 'तू' लिहावं लागू नये म्हणून त्या कर्त्याशिवाय लिहायचो. 'दूध संपले आहे.' 'शनिवारी कपडे धुण्यास नेण्यात येतील.' एखाद्या सरकारी कचेरीसारखं आमचं घर परिपत्रकांवर चाललं होतं.

मे महिन्यात त्याच्या प्रोफेसरांचा फोन आला, आणि तो माझ्यासाठी होता. हे प्रोफेसर दर उन्हाळ्यात नेवाडातल्या एका निर्मनुष्य खोऱ्यात खडकांचा अभ्यास करायला जात. ते पुढे विमानाने जाणार होते. त्यांचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, कुणीतरी तिथवर पोचवायला हवं होतं, आणि एवढ्या लांब एकट्याने ड्राइव्ह करणं बरं नव्हे. "तुझा रूममेट तर येतोच आहे," ते मला म्हणाले. "तू पण ये. सहा आठवडे तिथे आकडेवारीचं काम देतो. तुम्ही दोघं तर एकत्रच राहता, त्यामुळे अडचण नाही."

नापास झाल्यामुळे उन्हाळ्यात मला दुसरं काम नव्हतं. आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो. रूममेटनेही बहुधा याच कारणाने मला घेऊ नका असं सांगितलं नसावं.

निघायच्या सकाळी कळलं की ट्रेलर प्रोफेसरांचा नसून त्यांच्या आईचा आहे, आणि आईही बरोबर येणार आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काटक, डोक्यावर पांढरी टेनिसची टोपी घातलेल्या त्या बाईंनी नवऱ्याबरोबर या ट्रेलरमधून वीस वर्षं देश पालथा घातला होता. नवरा गेल्यावर ट्रेलर अंगणात उभा होता. मुलाला द्यायला त्यांची हरकत नव्हती, पण दोन परक्या मुलांच्या हाती एकटा सोडायला होती. आम्ही त्यांना तोंडावर मॅडम म्हणायचो आणि मनात दोघंही, एकमेकांना न विचारता, आजी म्हणायला लागलो.

आजींनी पिकअपकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि बाकावर मध्ये बसल्या. "खिडकी तरुणांना द्यावी," त्या म्हणाल्या. "मी हे सगळं पाहिलंय."

पहिल्या दिवशी त्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी, ओहायो संपता संपता, माझा रूममेट गाडी चालवत असताना मी त्यांना म्हणालो, "पुढच्या पंपावर पेट्रोल घ्यावं लागेल, असं त्याला सांगाल का?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे वळून, तो दीड फुटावर बसलेला असताना, मोठ्याने म्हणाल्या, "पुढच्या पंपावर पेट्रोल घ्यावं लागेल."

"ठीक आहे, असं सांगा," तो म्हणाला.

"तो म्हणतो, ठीक आहे."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे अशी पद्धत आहे का?"

आम्ही दोघं एकदमच "नाही" म्हणालो. अनेक आठवड्यांत आमचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. आजींनी मान डोलावली. "एकदा मी आणि माझा नवरा ओमाहापासून सॉल्ट लेकपर्यंत बोललो नव्हतो," त्या म्हणाल्या. "प्रवास छान झाला होता."

इंडियाना, इलिनॉय, आयोवा असं एकेक राज्य मागे पडत गेलं. संध्याकाळी एखाद्या कॅम्पग्राउंडवर थांबायचं, चाकांखाली लाकडाच्या फळ्या घालून ट्रेलर समतल करायचा, पाणी जोडायचं, गॅसवर खिचडी टाकायची. आजी खिचडीवर केचप घालून खायच्या आणि छान झाली म्हणायच्या. ट्रेलरच्या मागच्या टोकाला पडद्याआड त्यांचा पलंग होता. पुढच्या टोकाला जेवायचं टेबल होतं. ते खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की आमचा पलंग व्हायचा. एकच पलंग. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडे पाठ करून, चादरीचं एक टोक धरून मी सात राज्यांत झोपलो.

सगळ्यात वाईट काम संडासाची टाकी रिकामी करायचं. कॅम्पग्राउंडवर त्यासाठी एक जमिनीतलं भोक असतं, त्यात जाड नळी घालायची आणि झडप उघडायची. नळी कुणीतरी धरावी लागते. बोलणं चालू असतं तर आम्ही 'काल मी धरली, आज तू' असा वाद तासभर घातला असता. बोलणं बंद असल्यामुळे वाद घालता येईना, मग दोघंही सभ्यपणे नळी धरायचो. रबरी हातमोजे घालून, तोंडं दोन दिशांना फिरवून. आजी ते दृश्य खिडकीतून बघत असत.

अबोल्याने खरं नुकसान झालं ते वायोमिंगमध्ये. ट्रेलर मागे घेणं ही अवघड गोष्ट आहे, कारण स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. आजींनी मला युक्ती शिकवली होती: स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं, मग हात ज्या बाजूला नेशील त्या बाजूला ट्रेलर जाईल. पण मागे कोण उभं आहे, खांब किती लांब आहे, हे मागच्या माणसाने ओरडून सांगावं लागतं. रूममेट मागे उभा होता. तो ओरडत नव्हता, हात हलवत होता. तळहात खाली करून हात हलवणं म्हणजे आमच्याकडे 'ये'. तो 'हळू' म्हणत होता. मी आलो. मागचा दिवा फुटला.

आजींनी फुटलेल्या दिव्यावर लाल चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी, सॉल्ट लेकच्या पुढे मिठाचं पांढरं मैदान संपून नेवाडा लागला, तेव्हा त्यांनी आपल्या मांडीवरचं शब्दकोडं मिटलं आणि जाहीर केलं, "आजपासून मी निरोप सांगणार नाही. माझं वय झालंय."

नेवाडाचा तो भाग मी कधी कल्पनेतही पाहिला नव्हता. मी दुष्काळी भागाच्या शेजारचा आहे, उघडं माळरान मला नवीन नाही. पण आमच्या माळावर निदान एक शेळी असते, शेळीमागे एक माणूस असतो आणि तो माणूस तुम्ही कुणाचे असं विचारतो. इथे एकेका खोऱ्यात साठ-सत्तर मैल काही नव्हतं. राखाडी झुडपं, एका रेषेत गेलेला रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला पुढचा डोंगर, जो तासभर जवळच येत नसे. रेडिओवर खरखर. आजी शब्दकोडं सोडवायच्या. आणि आम्ही दोघं अमेरिकेतल्या सगळ्यात मोकळ्या जागेत आजींच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे नजर जाऊ नये म्हणून अंग चोरून बसलेलो.

डांबरी रस्ता सोडायची वेळ आली तेव्हा मी गाडी चालवत होतो. प्रोफेसरांनी हाताने काढलेला नकाशा समोर टेकवून ठेवला होता. गुरं ओलांडून जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवे पाइप टाकलेले असतात, ते ओलांडल्यावर उजवीकडचा दुसरा कच्चा रस्ता, असं त्यात लिहिलं होतं. पहिला रस्ता गेला. दुसरा आला. तो इतका अंधुक होता की त्याला रस्ता म्हणावं की नाही, हे मला कळेना. मी तो सोडला आणि पुढचा घेतला.

रूममेट आदल्या उन्हाळ्यात इथे येऊन गेला होता. त्याला रस्ता माहीत होता. मी वळलो तसा तो बाकावर सरकला. त्याने आजींकडे पाहिलं. आजींनी शब्दकोड्यात डोकं खुपसलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. हे सगळं मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, आणि आपण चुकलोय हे त्याच क्षणी कळलं. पण आता थांबलो असतो तर चुकलो हे त्याच्यासमोर मान्य करावं लागलं असतं. मी गाडी पुढे नेली. चांगले चार मैल नेली.

चार मैलांनंतर एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला कोरड्या ओढ्याचा खोल घसारा, अशा चिंचोळ्या जागेतून रस्ता वर चढला आणि एका वळणावर संपला. पावसाने कधीतरी वाहून नेला होता. वळायला जागा नव्हती. शेवटची रुंद जागा अर्धा मैल मागे राहिली होती. म्हणजे वीस फुटांचा ट्रेलर अर्धा मैल मागे मागे न्यायचा.

आजी खाली उतरल्या. ट्रेलरमधून घडीची खुर्ची, छत्री आणि पाण्याचा थर्मास काढला. "मी त्या रुंद जागी जाऊन बसते," त्या म्हणाल्या. "हे दोन माणसांचं काम आहे. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने बोलायचं." आणि छत्री उघडून रस्त्याने चालायला लागल्या.

मी गाडीत बसलो. रूममेट मागे जाऊन उभा राहिला. आरशात तो मला कमरेपर्यंत दिसत होता. मी गाडी हळूहळू मागे घेतली. दहा फूट, वीस फूट. ट्रेलर टेकडीकडे तिरका झाला. मी सरळ करायला गेलो तर ओढ्याकडे झुकला.

"डावीकडे!" तो ओरडला.

"कुणाच्या डावीकडे?" मी ओरडलो.

अडीच महिन्यांनी आमच्यात झालेला तो पहिला संवाद.

"ट्रेलरच्या! अबे, ट्रेलरच्या डावीकडे! थांब. आता ये. ये, ये, ये. हळू!"

"तुला हा रस्ता माहीत होता ना?"

"होता! सरळ कर आता."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलतोस का माझ्याशी? उजवीकडे! थोडं. बस!"

"आणि बाबांना मात्र सगळं सांगावंसं वाटलं तुला!" मी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडत होतो. त्या खोऱ्यात ऐकायला कुणी नव्हतं, हे एक बरं. "मी नापास झालो ते तुला काय करायचं होतं? तू कोण माझा?"

"डावीकडे, डावीकडे—"

"माझ्या घरी चहाड्या करायला सांगितल्या होत्या तुला कुणी?"

"तुझ्या बाबांनीच!" तो ओरडला. "तुझ्या बाबांनीच विचारलं होतं! थांब! थांब!"

मी ब्रेक दाबला. ट्रेलरचं ओढ्याच्या बाजूचं चाक अगदी काठावर होतं. खालचे दगड घरंगळत गेलेले मला ऐकू आले. धूळ खाली बसली. मग तो चालत माझ्या खिडकीशी आला. त्याचा चेहरा घामाने आणि मातीने माखला होता.

"मार्चमध्ये त्यांनी मला पत्र लिहिलं," तो म्हणाला. "तू दिलेल्या पत्त्यावर, फक्त माझ्या नावाने. म्हणे, त्याच्या पत्रांत हवेखेरीज काही नसतं. मुलगा हवेवर एवढं लिहायला लागला म्हणजे काहीतरी लपवतोय. तो आजारी आहे का, ते मला खरं सांगा. मी वडील आहे, मला झोप लागत नाही. मग काय लिहू मी? आजारी नाही, नापास झालाय, एवढंच लिहिलं. दुसरा चान्स असतो हे पण लिहिलं."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मी विचारलं हे त्याला कळू देऊ नका, असं लिहिलं होतं त्यांनी. तुला अपमान वाटेल म्हणून. आणि तू 'का' असं विचारलंस तरी कुठे? विचारलं असतंस तर कदाचित सांगून टाकलं असतं."

मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत होतं. लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीच. पण आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. अडीच महिने खाऊपिऊ घालून वाढवलेला राग हातचा गेला, याचं वाईट वाटलं. आणि त्यानंतर हेवा वाटला. मला वडिलांनी दोन वर्षांत एकदाही 'बरा आहेस ना' असं विचारलं नव्हतं. झोप लागत नाही हे तर ते मरेपर्यंत मला सांगणार नाहीत. ते त्यांनी नागपूरच्या एका न पाहिलेल्या मुलाला सांगितलं होतं.

"सॉरी," मी म्हणालो. मराठीत ते म्हणताच येईना.

"ठीक आहे यार. आधी हे चाक आत घे. तुझ्या प्रोफेसरचा नाही, माझ्या प्रोफेसरच्या आईचा ट्रेलर आहे हा."

अर्धा मैल मागे यायला आम्हाला पावणेदोन तास लागले. मध्ये त्याने चालवलं आणि मी ओरडलो. मला कळलं की मागे उभं राहून सांगणं हे चालवण्यापेक्षा कठीण आहे, कारण दरवेळी आपलं बरोबर असतं आणि समोरच्याला ते ऐकू येत नाही. रुंद जागी पोचलो तेव्हा आजी छत्रीखाली खुर्चीत बसून कोडं सोडवत होत्या.

"ओरडणं इथवर येत होतं," त्या म्हणाल्या. "भाषा कळली नाही, पण बरीच प्रगती झालीय असं वाटलं. कशावरून होतं?"

मी सांगितलं. "याने माझ्या वडिलांना कळवलं की मी परीक्षेत नापास झालो."

"आणि तू नापास झाला होतास?"

"हो."

"मग?" आजींनी विचारलं.

रूममेटला हसू आलं, आणि ते दाबायला तो ट्रेलरच्या मागे जाऊन चाकं तपासायला लागला.

आम्ही खोऱ्यातल्या कॅम्पवर पोचलो तेव्हा प्रोफेसर वाटच बघत होते. त्यांनी आईला मिठी मारली, मग फुटक्या दिव्याकडे पाहिलं आणि प्रवास कसा झाला विचारलं. "सुरुवातीला फार शांत," आजी म्हणाल्या. त्या आठवडाभर राहिल्या आणि मग त्यांना रीनोला बहिणीकडे सोडण्यात आलं. जाताना त्यांनी आम्हाला ट्रेलरच्या चाव्या दिल्या आणि टाकी दर चार दिवसांनी रिकामी करायची आठवण करून दिली.

उरलेले पाच आठवडे आम्ही दोघं त्या ट्रेलरमध्ये राहिलो, आणि रूममेट बोलत राहिला. अडीच महिन्यांचं साठलेलं सगळं त्याने काढलं. त्यात बहुतेक खडकच होते. कुठला थर कुठल्या थराखाली गेला आणि का, हे तो मला नाश्त्यापासून सांगायला लागायचा. मी दिवसा त्याने आणलेल्या नमुन्यांची मोजमापं तक्त्यात भरायचो आणि उरलेल्या वेळात परीक्षेची पुस्तकं उघडायचो. तो समोर बसून मला प्रश्न विचारायचा. त्याला संख्याशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे उत्तर त्याला समजेल असं सांगता आलं तरच मला ते येतंय, असा नियम आम्ही ठरवला. तो नियम माझ्या कोणत्याही प्राध्यापकाच्या शिकवणीपेक्षा कडक निघाला.

वडिलांना मी तिथून एक लांब पत्र लिहिलं. त्यांनी रूममेटला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख त्यात केला नाही. मी कुठे चुकलो, कुठली प्रकरणं कच्ची आहेत, दिवसाचे किती तास बसतो, हे लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते नेहमीसारखंच होतं. पहिल्या ओळीत पत्र मिळाल्याची पोच, दुसरीत 'तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात कर' असा सल्ला. सल्ला बरोबर होता.

ऑक्टोबरात मी पास झालो, अगदी काठावर. रूममेटला पुढे नेवाडातल्याच एका खाणीत नोकरी लागली आणि तो तिकडेच स्थायिक झाला. त्याआधी आम्ही स्टेट कॉलेजला आणखी दोन वर्षं एकत्र राहिलो. आमची घट्ट मैत्री होती असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. भांडणं नंतरही झाली, आणि भांडायला कारणंही भरपूर होती. पण ती सगळी मोठ्या आवाजात झाली, आणि शेजारच्या कोरियन मुलाने भिंत ठोकली की दोघंही एकदम गप्प व्हायचो आणि जेवायला बसायचो.